दोन छोटे श्वास

ही गोष्ट घडलेली आहे.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच कामाला जातात. मोहाडीपासून सात-आठ किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांना लागून, एक बंद पडलेला तेलाचा डेपो आहे, एवढं पुरे. दिवस सोमवार, १९ मे. बाराला दहा मिनिटं कमी होती, दुपारचे बारा. ऊन असं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. अंधारात माणसाला भास होतात असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि ऐकणारी एकटी कामिनी नव्हती.

नऊ जणांनी ऐकलं.

पण आधी कामिनीच्या बाबांबद्दल सांगायला हवं. मुरारी त्यांचं नाव. जात ढिवर, पिढ्यानपिढ्या तलावात जाळं टाकणारं घर. गावात मुरारीच्या नाकाचा मोठा बोलबाला होता. उन्हाळ्यात तलाव आटला की मरळ गाळात दबून बसते. वरून काहीच दिसत नाही. मुरारी काठाकाठानं फिरायचा, एखाद्या जागी थबकायचा, चिमूटभर गाळ उचलून नाकाशी न्यायचा.

दोन छोटे श्वास.

मग एक लांब.

"दोन शंकेचे, तिसरा खातरीचा," तो लहानग्या कामिनीला सांगायचा. तिसरा श्वास घेऊन झाला की बोट दाखवायचा. तिथे मरळ निघायचीच.

डेपो बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. जमिनीखालच्या टाक्या मात्र गळत राहिल्या. आधी विहिरींच्या पाण्याला रॉकेलची चव आली. मग तलावावर रंगीत साय दिसू लागली. बाजारात बायका मासा उचलून हुंगायच्या आणि परत टोपलीत टाकायच्या. शेवटी कुठूनतरी आदेश आला. तेल मुरलेली माती खणून काढा, खराब वेगळी करा, चांगली परत भरा. नागपूरकडच्या एका ठेकेदारानं काम घेतलं. त्याचा सुपरवायझर चंद्रकुमार गावात येऊन राहिला.

खराब माती कोणती आणि चांगली कोणती, हे सांगायला एक यंत्र होतं. पिवळं, हातात मावेल एवढं. हवेतली वाफ मोजायचं. वाफ जास्त झाली की ओरडायचं.

फार ओरडायचं.

दर ओरडण्याला काम थांबवावं लागे. पंधरा दिवसांत ते 'दुरुस्तीला' गेलं.

आणि मग कोणीतरी चंद्रकुमारला मुरारीच्या नाकाबद्दल सांगितलं.

झालं. पोकलेननं मातीची बकेट वर आणली की मुरारी चिमूट उचलायचा. दोन छोटे, एक लांब. "खराब." नाहीतर "वास नाही." वास नाही म्हणजे चांगली. त्याला रबराचा मास्क दिला होता, पण मास्कातून फक्त रबराचा वास येतो. ज्या कामासाठी ठेवलं ते काम मास्क घालून होत नव्हतं. म्हणून तो काढून गळ्यात लटकवायचा. त्याला अभिमान वाटायचा. रात्री जेवताना सांगायचा, "मशीन बिघडते वो. आपलं नाक नाही बिघडत."

कामिनी मोहाडीच्या शाळेत शिकवते, वाचणारी मुलगी आहे. तरी ही एक गोष्ट तिला बाबा गेल्यावरच समजली. रोज ज्या वासात माणूस राहतो तो वास त्याला येईनासा होतो. नाक बिघडतं. कोणाचंही. आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते. खड्ड्यात पाण्यासारखी तळाशी साचते.

मार्चमध्ये एकदा तो भाजीची वाटी सरकवून म्हणाला होता, "आज कांदा नाही टाकला का?"

कांदा होता. कामिनी हसली होती.

त्या हसण्याचं आता काय करायचं, ते तिला कळत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. जुन्या टाकीजवळ बारा फुटांचा खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवला होता. तळाची माती चांगली लागली असेल तर पुढे खणायचं नव्हतं. मुरारी शिडीनं उतरला. काठावर त्याचा जुना साथीदार कवडू उभा होता. त्यानं वरून पाहिलं, मुरारीनं मास्क खाली ओढला, चिमूट उचलली.

"वास नाही…" खालून आवाज आला.

"झालं! भरून टाका," चंद्रकुमार म्हणाला.

मुरारी वर आला नाही.

तो भिंतीला टेकून बसला होता. चिमूट अजून नाकाशीच होती. सोमाजी नावाचा मजूर धावत शिडीकडे गेला. पोकलेनवाल्या हेमराजनं त्याची कॉलर धरून मागे ओढलं, म्हणून त्या दिवशी एकच माणूस मेला. दोराला आकडा लावून मुरारीला वर काढायला वीस मिनिटं लागली.

दवाखान्यात लिहिलं, हृदय बंद पडलं. साइटवरच्या सुरक्षा वहीत त्या तारखेपुढे लिहिलेलं होतं, 'वायू तपासणी : ठीक.'

कामिनीला एकच हवं होतं. तो 'ठीक' खोटा होता, हे कोणीतरी लिहून द्यावं. आणि यंत्र आल्याशिवाय त्या खड्ड्यांत दुसरं कोणी उतरू नये.

ती एका कार्यालयातून दुसऱ्यात जात राहिली.

"मॅडम, हार्टनं गेले ना ते? मंग आमच्याकडे कायले आल्या?"

"यंत्र नव्हतं. हुंगायला पाठवलं त्यांना."

"वहीत तर ठीक लिहून आहे."

"ते खोटं आहे."

"मंग खोटं आहे असं लेखी आणा ना कोणाकडून."

"तेच तर तुमच्याकडे मागायला आले."

बाबूनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच काहीतरी हरवलं आहे. "साहेब दौऱ्यावर आहे. सोमवारी या."

कितीतरी सोमवार गेले.

पहिला प्रकार तेरवीनंतर चार दिवसांनी झाला.

दुपार होती. कामिनीची आई, रेवताबाई, चुलीपाशी फोडणी देत होती. लसूण तडतडला. मिरची पडली. कामिनी दोन हात अंतरावर बसून अर्ज लिहीत होती. एरवी त्या ठसक्यानं डोळ्यांत पाणी यायचं.

काहीच आलं नाही.

वास नव्हता.

"माय, सर्दी झाली का मले?"

रेवताबाई कढईत पाहत होती. "मलेही येऊन नाही राहिला," ती हळूच म्हणाली.

बाहेर ओसरीत दोरीवर मुरारीचा कामाचा शर्ट वाळत होता. किती वेळा धुतला, पण तेलाचा वास जात नव्हता. कामिनीनं उठून तो नाकाशी धरला.

काही नाही. नुसतं कापड.

आणि तेव्हा… अगदी जवळून… दोरीच्या पलीकडून…

एक छोटा श्वास.

आणखी एक छोटा.

ती तिसऱ्याची वाट पाहत उभी राहिली. आपण वाट पाहतो आहोत हे तिला नंतर कळलं.

तिसरा आला नाही.

मग सगळे वास एकदम परत आले. करपलेला लसूण, धूर, शर्टातलं तेल. रेवताबाई कढई तशीच सोडून दारात आली होती. पदरानं तोंड झाकून ती फक्त शर्टाकडे बघत राहिली.

कामिनीनं स्वतःला समजावलं. दीड महिना ते कपडे तीच धूत होती. हातानं, साबण घासून, तोंड वर न करता. आपल्याही नाकावर परिणाम झाला असेल. पटण्यासारखं कारण होतं.

आईनं मात्र कपडे धुतले नव्हते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चंद्रकुमार घरी आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मुरारीभाऊंच्या जागेवर त्यांच्या मुलाला घेतो म्हणाला. उपकार केल्यासारखा बोलला आणि चहा पिऊन गेला.

मुलगा म्हणजे धनराज, कामिनीचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा. बापासारखंच नाक, असं सगळे म्हणायचे.

"तू जाऊ नको," कामिनी म्हणाली.

"ताई, बाबाची जागा आहे ती."

"बाबाची जागा म्हणजे तो खड्डा, धनराज."

"मंग तलावाचं काय करू? मासा कोणी हातात घेत नाही. तलाव साफ व्हाचा असंल तर माती कोणाले तरी काढाच लागते ना? का तू काढशीन, अर्ज लिहून लिहून?"

ते लागलं तिला. पण ती थांबली नाही. "मास्क घालशील?"

"मास्क घालून वास कसा येईल?"

तो हे सहज बोलला. बापाच्याच सुरात. वर हसला, "चंद्रकुमार साहेब म्हणते, सात पिढ्याचं नाक आहे तुमचं. त्याले काय समजते नाकातलं!"

आणि खाली बसून बापाचे गमबूट पायात घालू लागला.

रेवताबाईनं देवापुढे उदबत्ती लावली होती. धूर सरळ वर जात होता.

वास…

कामिनीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. नाही.

धनराजच्या वाकलेल्या मानेपाशी, केसांपाशी…

एक छोटा श्वास. आणखी एक.

धनराजनं मानेवर हात मारला. "मच्छर," म्हणाला, आणि निघून गेला.

१९ मेला कामिनी पुन्हा त्याच कार्यालयात होती. सोमवार. तिसरा अर्ज. बाबू पोह्यांवर कांदा कुसकरून टाकत होता. शिपाई फिनाईल टाकून फरशी पुसत होता. साहेब आले होते, पण मीटिंगमध्ये होते.

"लंचनंतर या."

"साडेअकरा वाजले आहेत आता."

"मंग? लंच होईलच ना."

ती बाकावर बसली. अर्ज शेजारी ठेवला. समोर भिंतीवर कामगार सुरक्षेचं पोस्टर होतं. हेल्मेट घातलेला गोरापान माणूस हसत होता.

"अबे," बाबू शिपायाला म्हणाला, "फिनाईल संपलं का? नुसतं पाणी मारून राहिला का?"

"टाकलं ना साहेब. अख्खं झाकण टाकलं."

बाबूनं पोह्यांचं ताट नाकाशी नेलं. मग खाली ठेवलं.

कामिनीनं हवा हुंगून पाहिली.

इतके दिवस तो प्रकार घरातच झाला होता. इथे त्याचं काय काम…

कानाशी… अगदी कानाशी…

एक छोटा.

आणखी एक.

ती उठली. अर्ज बाकावरच राहिला. स्कूटी कशी चालवली, वाटेत कोण आडवं आलं, तिला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की वाटेत रस्त्याचं डांबर वितळलं होतं, आणि डांबराचाही वास नव्हता.

साइटवर पत्र्याच्या सावलीत मजूर बसले होते. सरिता आणि ताराबाई घमेली पालथी घालून त्यांवर टेकल्या होत्या. हेमराज पोकलेनच्या दारात पाय सोडून बसला होता. तिला पाहून तो ओरडला, "या मास्तरीणबाई! आज आमची शाळा घेता का?"

ती थांबली नाही.

जुन्या टाकीच्या पलीकडे नवा खड्डा होता. काठावर कवडू. बाजूला चंद्रकुमार, कानाला फोन. शिडीच्या तोंडाशी फक्त धनराजचं डोकं आणि खांदे वर दिसत होते. बापाचा मास्क त्याच्या गळ्यात लटकत होता.

"धनराज! वर ये!"

त्यानं वर पाहिलं. कपाळावर आठी. सगळ्यांसमोर लाज वाटली असणार.

"मॅडम, काम चालू आहे," चंद्रकुमार फोन खाली करून म्हणाला. "एक मिनिटाचं काम आहे. उतरते, हुंगते, वर येते."

"यंत्र कुठे आहे?"

"दुरुस्तीले."

"सव्वादोन महिने?"

"आता ते काय माझ्या हातात आहे का? तुम्ही शिकलेल्या बाया लय डोकं लावता बाप्पा. इथं वाफ असती तर आम्ही उभे राह्यलो असतो का?"

"तुम्ही वर उभे आहात."

चंद्रकुमारनं तिच्याकडे पाठ फिरवली. "उतर रे धनराज. वेळ होऊन राहिला."

धनराजनं एक पाय खालच्या पायरीवर टाकला.

पत्र्याखालची बडबड थांबली. पोकलेनचं इंजिन बंद होतं. दूर कुठेतरी पंप चालू होता, तोही बंद झाला.

कवडूनं नाकावरचा दुपट्टा खाली घेतला. "वास काहून नाही येऊन राहिला?" तो स्वतःशीच म्हणाला. "आतापर्यंत तर नाक फाटून राहिलं होतं."

आणि मग खड्ड्याच्या तळातून…

"वास नाही…"

स्पष्ट. थकलेला आवाज, पण स्पष्ट.

"ऐकलं?" चंद्रकुमार कामिनीकडे वळला. चेहरा उजळला होता. "तुमचा भाऊच म्हणून राहिला. वास नाही. झालं समाधान?"

सगळे शिडीकडे बघत होते.

धनराज अजून शिडीच्या वरच्या टोकालाच होता. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"साहेब," तो म्हणाला, "मी कुठं बोललो?"

चंद्रकुमार एक पाऊल मागे सरकला.

"मी तर उतरलोच नाही अजून."

ताराबाईनं घमेलं सोडलं. ते गरगरत जाऊन पडलं, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. कवडू मटकन खाली बसला. "मुरारी," तो म्हणाला. "मुरारीच आहे हा. मी त्या दिवशी इथंच उभा होतो. अस्साच बोलला होता तो."

कामिनीनं वाकून धनराजचं मनगट धरलं. तो लहान मुलासारखा वर आला. गमबूट काढले, खड्ड्याच्या काठावर जोडीनं ठेवले, आणि अनवाणीच तापलेल्या मातीवरून चालत सावलीत गेला.

मग वास आला. एकदम. इतका की सरिता ओकली.

त्या दिवशी कोणी उतरलं नाही. चंद्रकुमारनं शिव्या दिल्या, तुम्ही सगळे मिळून नाटक करता म्हणाला. पण त्याचा आवाज चिरकत होता, आणि तो स्वतः खड्ड्यापासून चार हात लांब उभा होता.

दोन महिने दुरुस्त न झालेलं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून आलं. दोराला बांधून खाली सोडलं. चार फूट गेलं नाही तोच ते ओरडायला लागलं. वर ओढून घेतल्यावरही ओरडत राहिलं.

चौकशी झाली. साहेब आले, मास्क घालून. कोरे करकरीत मास्क सगळ्यांना वाटले गेले, फोटो निघाले. साहेबानं विचारलं, "धोका आहे हे कोणी लक्षात आणून दिलं?"

"मुरारीनं," कवडू म्हणाला.

"हा मुरारी कोण? बोलवा त्याला."

कोणी जागचं हललं नाही. चंद्रकुमार पुढे होऊन साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. साहेबांनी मान डोलावली.

अहवालाची प्रत कामिनीनं मिळवली आहे. त्यासाठीही चार खेपा झाल्या. त्यात लिहिलं आहे, 'कामगारांपैकी एकाने वेळीच सूचना दिल्याने संभाव्य दुर्घटना टळली.'

नाव नाही.

११ एप्रिलपुढचा 'ठीक' तसाच आहे. त्या तारखेचा विषय या चौकशीच्या कक्षेत येत नाही, असं तिला कळवण्यात आलं.

'कामगारांपैकी एकाने' हे वाक्य असलेलं पान ती शाळेत नेते त्या डब्यात ठेवते. का, ते तिलाही सांगता येत नाही. बाबा एवढं बोलले, आणि कागदावर त्यांचं एवढंच उरलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

धनराजनं ते काम सोडलं. आता दुसऱ्या गावच्या तलावावर जातो. तेल पुढच्या मातीतही मुरलेलं निघालं, म्हणून डेपोचं काम अजून चालूच आहे. कवडू तिथेच आहे. दुसरीकडे कुठे जाणार? सुरुवातीला यंत्र रोज काठावर असायचं. मग साहेब येणार त्या दिवशी असायचं.

मागच्या महिन्यात, दुपारी, जेवायला बसताना, कढीचा वास गेला.

धनराज समोर बसला होता. माय वाढत होती. तिघंही घरात, तिघंही ठीक.

एक छोटा श्वास.

आणखी एक.

"आता काहून?" रेवताबाई दाराकडे पाहून म्हणाली. रागावून, जिवंत माणसाला बोलावं तशी. "पोरगा तर इथं बसून आहे ना. आता कोणासाठी फिरता?"

कामिनीनं कवडूला फोन लावला.

"कवडूकाका, खड्ड्यात कोण आहे?"

"परसराम उतरून राहिला. काहून वो?"

"मशीन आहे का तिथं?"

कवडूचा आवाज खाली आला. मग त्यानं विचारलं, "आला का तो?"

"वर काढा त्याला. आत्ता."

परसराम वर आला. दोन वेळा ओकला, बाभळीखाली पडून राहिला आणि संध्याकाळी सायकल हातात धरून पायी घरी गेला. वहीत त्या दिवशीही 'ठीक' आहे.

त्यानंतर असं दोनदा झालं. कवडू आता फोन शर्टाच्या खिशात ठेवतो. तिकडे यंत्र ऑफिसच्या कपाटात असतं, आणि इकडे एका घरात लोक कढईवर वाकून वास येतो का ते बघत असतात. हे कोणाला सांगायचं? कोणत्या टेबलावर, कोणत्या नमुन्यात अर्ज करायचा?

कामिनी शाळेत असली की आई घरी असते. आई बाजारात गेली की कामिनी. घर रिकामं ठेवत नाहीत. पण कधीतरी दोघी नसतील. कधीतरी फोन लागणार नाही.

एक गोष्ट ती कोणाला बोललेली नाही. ती प्रत्येक वेळी मोजते.

एक. दोन.

मग श्वास रोखून ऐकत राहते.

तिसरा, खातरीचा, अजून एकदाही आलेला नाही.